कोंडीरामच्या नावाचं गाणं

दर्शना ओव्हाळला पोलिसांची भीती लहानपणापासून होती. त्या भीतीला कारण मात्र वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मिळालं, तेही टपालाने.

चौक गावाच्या पुढे जुना हायवे सोडून आत वळलं की उंबरोली लागते. गावाच्या बौद्धवाडीत विहार आहे आणि विहाराला लागून असलेल्या खोलीत अंगणवाडी. दर्शना तिथली सेविका. सकाळी मुलं गोळा करायची, त्यांच्याकडून गाणी म्हणून घ्यायची, खिचडी वाढायची, वजनं करायची आणि ती सरकारी अॅपवर चढवायची. नेटवर्क नसेल तर मोबाइल उंच धरून विहाराच्या पायऱ्यांवर उभं राहायचं. नवरा नरेश चौकच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. त्याचं काम कधी असतं, कधी नसतं. घर चालतं ते दर्शनाच्या मानधनावर. हे दोघांनाही ठाऊक आहे आणि त्यावर दोघंही बोलत नाहीत.

दर्शना गाते. आवाज जाड नाही, पण लांबवर जातो. जयंतीला वाडीतले लोक तिला हटकून उभं करतात. २०२५च्या एप्रिलमध्ये तिने पायरीचं गाणं म्हटलं. उंबरोलीत ते सगळ्यांना पाठ असलेलं, कुणी शिकवलं ते कुणालाच आठवत नाही असं गाणं:

विहाराच्या तिसऱ्या पायरीवरी
लेकीनं धरला माझा हात,
पाटीवर उमटलं नाव माझं,
उजळली गं अवसेची रात.

नरेशने ते मोबाइलवर घेतलं आणि यूट्यूबवर टाकलं. खाली लिहिलं : गायिका दर्शना ओव्हाळ, अंगणवाडी सेविका, उंबरोली. गीत शाहीर कोंडीराम. कोंडीराम हा याच वाडीचा जुना शाहीर. त्याची गायन पार्टी एके काळी पनवेलपासून मुरबाडपर्यंत फिरायची. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्याचं नाव येतंच : ‘कोंडीराम म्हणे बायांनो ऐका, पायरी ही सोडू नका.’ त्यामुळे गीत कुणाचं याचा विचार करायची नरेशला गरज वाटली नाही.

गाणं पसरलं. कर्जत, नेरळ, कल्याण, पार नागपूरकडच्या लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. आणि ऑगस्टमध्ये पोस्टमनने अंगणवाडीत येऊन, खिचडीसाठी डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोर, दर्शनाची सही घेतली आणि एक जाड पाकीट तिच्या हातात ठेवलं.

नोटीस ठाण्याच्या एका म्युझिक कंपनीच्या वकिलाची होती. शाहीर कोंडीराम यांच्या सर्व गीतांचे हक्क त्यांचे वारस, नातू सुमित यांनी कंपनीला दिले आहेत. आपण विनापरवाना गीत प्रसारित केले आहे. हा गुन्हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास पोलिसांत तक्रार दाखल करण्यात येईल आणि आपण शासकीय योजनेत काम करीत असल्याने एक प्रत आपल्या कार्यालयास पाठवण्यात येईल.

दर्शनाने ‘कैदेस’ या शब्दापर्यंत वाचलं आणि पाकीट तांदळाच्या पिंपामागे सरकवलं.

“कसलं गं बाई?” एकीने विचारलं.

“बँकेचं.”

संध्याकाळी नरेशने ते सगळं वाचलं आणि पहिल्यांदा व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी गॅरेजचा मालक त्याला म्हणाला, “पुरावा नष्ट केलास व्हय रं? त्याचा अजून एक गुन्हा लागतो.” नरेशने घाबरून व्हिडिओ पुन्हा चढवला. तो आता लोक अधिकच बघू लागले. खाली अंगठे वाढत होते, ‘जय भीम ताई’ असं लोक लिहीत होते, आणि आकडा वाढला की दर्शना मोबाइल पालथा ठेवत होती.

तिने स्वतःच जाऊन मुख्यसेविका बाईंना सांगितलं. वाटलं, आपल्या तोंडून कळलेलं बरं. बाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

“प्रत आली तर मला वर पाठवावी लागेल. गुन्हा दाखल झाला तर मानधन बंद. पुढचं माझ्या हातात नाही.” मग थोड्या वेळाने, “तुम्हाला कुणी सांगितलं होतं गायला?”

दर्शना पिशवी उचलून निघाली.

खालापूर कोर्टासमोर अॅडव्होकेट समिधा खैरे यांचं एका शटरचं ऑफिस आहे. जमिनीचे दावे आणि हायवेवरचे अपघात, हे त्यांचं रोजचं काम. कॉपीराइटचं प्रकरण त्यांच्याकडे याआधी आलेलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. “मला दोन दिवस द्या, कायदा वाचते,” म्हणाल्या. दोन दिवसांनी दर्शना आणि नरेश समोर बसले तेव्हा टेबलावर खुणा घातलेलं पुस्तक होतं.

“जयंतीला वाडीत गायलात, त्याचं काही नाही. इंटरनेटवर टाकलंत, ते वेगळं. आता मला सांगा, चाल कुणाची?”

“ती जुनीच. कांडपाच्या ओव्यांची,” दर्शना म्हणाली.

“मग चालीवर कुणाचा हक्क नाही. राहिले शब्द. शब्द कुणाचे?”

“कोंडीरामचे.”

“कशावरून?”

दर्शनाला प्रश्नच कळला नाही. “नाव हाय ना शेवटी.”

“बरं. वारले कधी?”

नवरा-बायको एकमेकांकडे बघू लागले.

समिधा म्हणाल्या, “सगळं त्याच्यावर आहे. लिहिणारा ज्या वर्षी गेला, त्याच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. तेवढी वर्षं गाणं त्याच्या वारसांचं. साठ संपली की मोकळं. कुणीही गावं, छापावं. चौसष्टच्या डिसेंबरपर्यंत गेले असतील तर तुम्ही एप्रिलमध्ये टाकलंत ते मोकळं गाणं. पासष्टच्या जानेवारीत गेले असतील तर नाही.”

“एका महिन्यानं काय होतं हो?” नरेश म्हणाला.

“एका महिन्याने गुन्हा होतो.”

कोंडीराम कधी गेला, याची वाडीत चार उत्तरं मिळाली. नरेशचा चुलता म्हणाला, कोयनेच्या भूकंपाच्या साली. ते सदुसष्ट साल. दर्शना त्या रात्री जेवली नाही. एक म्हातारी म्हणाली, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा. ते एकसष्ट. तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, पण तिला स्वतःच्या मुलांचीही वयं सांगता येत नव्हती. शेवटी नागूबाबा, जे नव्वदीचे आहेत आणि ज्यांना कमी ऐकू येतं, ते ओरडून म्हणाले, “चीनच्या लढाईला वर्गणी जमवत गावोगाव गायला कोंडीराम! थंडीचे दिवस. मी होतो संगं, वर्गणीचा डबा धरायला. लागला मग खोकला. पुढच्या पावसाळ्याआधी आमी त्याला पोचवला!” म्हणजे त्रेसष्टचा उन्हाळा. ग्रामपंचायतीत जुनी नोंद काढली तर तारीख तीच निघाली, मे महिना, १९६३.

समिधा खैरेंनी उतारा जोडून कंपनीला उत्तर पाठवलं. त्रेसष्टला मृत्यू, तेवीस सालच्या अखेरीस मुदत समाप्त, गीत सर्वांस खुले. दर्शनाने त्या आठवड्यात मुलांना दोन नवी गाणी शिकवली. घरात मटण झालं. नरेशने गॅरेजच्या मालकाला कायदा समजावून सांगितला.

दहा दिवसांनी समिधांचा फोन आला. “या जरा. फोनवर नको.”

फोनवर नको म्हटल्यावर खालापूरपर्यंतच्या वाटेत माणसाच्या मनात जे जे येतं, ते सगळं दर्शनाच्या मनात आलं. समिधांनी कंपनीचं पत्र पुढे ठेवलं आणि एकच विचारलं.

“तुमचं विहार कधी बांधलं?”

विहाराच्या दारावर संगमरवरी दगड आहे. वैशाख पौर्णिमा, १९७४. दर्शना रोज सकाळी त्याच्याखाली झाडू मारते. सेविका झाल्यापासून तेरा वर्षं तिने तो दगड पाहिला होता आणि तेवढीच वर्षं ते गाणं म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी एका जागी कधी आल्या नव्हत्या.

“चौऱ्याहत्तर,” ती म्हणाली.

“त्याआधी पायऱ्या होत्या?”

“पायऱ्याच काय, काहीच नव्हतं. करवंदीची जाळी होती तिथं.”

“मग त्रेसष्टला गेलेल्या माणसाने तिसऱ्या पायरीवर गाणं कसं केलं?”

नरेश म्हणाला, “शाहीर हाय, त्याला पुढचं दिसलं आसंल.” समिधांनी पत्राचं पान उलटलं.

कंपनीने पवित्रा बदलला होता. तुम्हीच सिद्ध केलंत की कोंडीराम त्रेसष्टला गेले, तर हे गीत त्यांचं नाही. त्यांच्यानंतर पार्टी चालवली त्यांचा मुलगा सहदेव याने. गीत सहदेवचं. सहदेव २००९ साली वारला. मुदत २०६९ अखेर. वारस तोच, सुमित. नोटीस कायम, मुदत आठ दिवस.

“दोन हजार एकोणसत्तर,” दर्शना म्हणाली. “मी पंच्याऐंशी वर्षांची आसंन.”

“आपणच त्यांना दार उघडून दिलं,” समिधा म्हणाल्या. त्या स्वतःवर चिडलेल्या होत्या. “मी गाणं नीट वाचायला हवं होतं. नावावर गेले.”

त्या आठ दिवसांतली एक गोष्ट दर्शनाने नंतरही फार थोड्यांना सांगितली. एका दुपारी वाडीच्या तोंडाशी पोलिसाची मोटरसायकल थांबली. दर्शनाने मुलांना आत घेतलं, दार लोटलं, कडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. सतरा मुलं भिंतीला लागून बसली. मुलांना भीती लवकर कळते. एकही रडलं नाही.

“बाई, वाघ हाय का?” एका मुलीने कानाशी येऊन विचारलं.

दाराबाहेर बूट वाजले. कडी हलली. “कुणी आहे का आत?”

दर्शना उठली नाही. बूट थोडा वेळ थांबले आणि पायऱ्या उतरून गेले. त्या शिपायाला पोलीस पाटलाचं घर विचारायचं होतं, कुणाची तरी चोरीला गेलेली शेळी लिहून घ्यायला. हे तासाभराने कळलं. तोवर खिचडी करपली होती आणि दर्शनाला उमगलं होतं की ती उद्या मुलांना असंच दार लावून बसवेल, परवाही बसवेल, आणि मग नोकरी कुणी काढून घ्यायची गरजच उरणार नाही.

तिने त्याच दिवशी ठरवलं की सहदेवने गाणं केलं का, हे विचारायचं. विचारायला आता पार्टीतलं एकच माणूस उरलं होतं.

गंगाबाई कोंडीरामच्या पार्टीत कोरसला होती. तिचा बाप पार्टीत ढोलकी वाजवायचा, म्हणून ती पंधराव्या वर्षापासून मागे उभी राहून झील धरायची. पुढे नवरा धाकलूही पार्टीतलाच. आता वय पंच्याऐंशी, राहते कशेळ्याला लेकीकडे. लेक सगुणा बाजारात बांगड्यांचं दुकान मांडते. दर्शना आणि नरेश कर्जतला उतरले आणि जीपमध्ये दाटीवाटीने बसून कशेळ्याला पोचले तेव्हा म्हातारी ओट्यावर वाल सोलत होती.

“जय भीम, आजी. वळखलं का?”

“जय भीम. आवाजानं वळखते मी मानसं. तू नरशाची बायको. मोबाइलवर गातीस. माज्या लेकीनं दाखिवलं मला.”

“आजी, एक इचारायचं होतं. पायरीचं गाणं सहदेवकाकांनी केलं का?”

म्हातारीचे हात थांबले.

“मला काय म्हाईत नाय.”

“तुमी पार्टीत होता ना?”

“मागं उभी र्‍हायची मी. पुढं काय चाललंय ते मागच्याला कुठं दिसतंय?”

नरेशने कंपनीचं, नोटिशीचं, पोलिसांचं सांगायला सुरुवात केली आणि तिथे चूक झाली. ‘पोलीस’ म्हटल्याबरोबर गंगाबाईने वालाची टोपली उचलली आणि ती आत निघाली. दाराशीच सगुणा उभी होती. साठीची बाई, कमरेवर हात.

“आई, थांब.”

“तू बोलू नको.”

“नाय बोलत. फकस्त एक सांग. त्या गान्यातली लेक कोन? पाटी कुनी धरली व्हती? सहदेवकाकाच्या लेकीनं? त्याला लेकच न्हवती.”

गंगाबाई उंबऱ्यावरच बसली.

“मी नऊ वर्षांची व्हते,” सगुणा दर्शनाला म्हणाली. “नवं विहार झालेलं. सांजच्याला बायांचा वर्ग भरायचा. हिला ‘गं’ जमायचा, पन काना द्यायला इसरायची. हात धरून गिरवून घेतलं मी. ते गानं हिचं हाय. घरात आमाला ठावं हाय. बाहेर बोलायचं नाय, आसं आप्पांनी, माज्या बापानं, सांगितलेलं.”

“पन मग नाव?” दर्शना म्हणाली. “शेवटी कोंडीरामचं नाव का घातलं तुमी?”

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिने जेवणाआधी हात का धुतात असं विचारलं.

“पार्टी त्यांची. पार्टीत जो कुनी गानं करंल त्यानं शेवटाला गुरुजींचं नाव घालायचं. तीच रीत. माज्या धन्यानं चार केली, त्यात पन त्यांचंच नाव. आपलं नाव घातलं म्हंजे पार्टी फुटली. दुसऱ्या वाड्यांत फुटल्या तशा. गुरुजी मेले तवा पेटत्या चितेसमोर सगळ्यांनी हात वर केला व्हता, नाव मोडनार नाय म्हनून. मी पन केला.”

म्हणजे कोंडीराम मेल्यावर अकरा वर्षांनीही गाणी करत होता, आणि पार्टीतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वावगं वाटायला लागलं ते साठ वर्षं मोजायची वेळ आली तेव्हा.

“आजी, हे तुमी वकिलीणबाईंना सांगाल का?”

“नाय.”

“माझी नोकरी जाईल.”

“आन माजं काय जाईल, त्ये म्हाईत हाय का तुला?” म्हातारीचा आवाज एकदम चढला आणि मग तसाच खाली आला. “सगळी मरून गेल्यावर म्हातारी उठली न् म्हनली, गुरुजींचं गानं माजं हाय. लोक थुकतील. आजून दोन पावसाळे काढायचेत मला. मानसांत काढायचेत.”

म्हातारीचं खरं होतं. वाडीत काय बोललं जाईल ते तिला शब्दशः ऐकू येत होतं. कोण बोलेल तेही. तिने पदराने तोंड पुसलं आणि ती उठली. चहा झाल्याशिवाय जाऊ नका, असं सगुणा म्हणाली, म्हणून ती परत बसली. चहा होईपर्यंत म्हातारी पुन्हा वाल सोलू लागली. वालाच्या शेंगा तेवढ्या फुटत होत्या.

“तू शेळीवाल्या पोलिसाला घाबरून पोरं कोंडलीस?” गंगाबाईने अचानक विचारलं. नरेशने तेही सांगून टाकलेलं होतं.

“हो.”

“रडली का कुनी?”

“नाही.”

“रडली आसती तर बरं व्हतं. गप र्‍हायला शिकली ती, माज्यावानी.” तिने टोपली सगुणाकडे दिली. “कोर्टात नाय येनार मी. बाईच्या हापिसात येईन. आन त्या पोराला बोलवा. सहदेवच्या. त्याच्या म्होरं सांगन. त्याच्या पाठीमागं नाय.”

ऑफिसला जायची वाट कोर्टाच्या फाटकासमोरून जाते. फाटकात त्या दिवशी पोलिसांची गाडी उभी होती, दोऱ्या बांधलेले दोन आरोपी त्यातून उतरत होते. म्हातारी थांबली. दर्शनाही थांबली. दोघींनी एकमेकींचा हात धरला होता आणि कोण कुणाला ओढतंय ते मागून येणाऱ्या नरेशला समजेना.

सुमित आधीच येऊन बसला होता. बत्तीस-तेहतीसचा, नेरळला भाड्याने राहतो, रसायनीच्या कारखान्याची कामगारांची बस चालवतो. अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट. आल्या आल्या तो दर्शनाला म्हणाला, “वैनी, माझं तुमच्याशी काय वाकडं नाय. कंपनीवाला आला, म्हनला आजोबांचं नाव करतो, सीडी काढतो. मी सही दिली. तुमच्यावर नोटीस काढतील हे मला काय म्हाईत?”

“आणि आता म्हणतायत गाणं तुझ्या वडिलांचं,” समिधा म्हणाल्या. “ते कुणी सांगितलं त्यांना?”

“त्यांनीच मला इचारलं, आजोबांचं नसंल तर बाबांचंच आसंल ना? मी म्हनलं, आसंल. दोन्हीकडून आमचंच.”

“माझं हाय ते,” गंगाबाई म्हणाली.

तिने ते जमिनीकडे बघून सांगितलं. सुमितने ऐकलं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. “काय?”

“गानं. माझं हाय. तुज्या बापाचं नाय. तुज्या बापाला ताल धरता येत न्हवता, शब्द कुठनं धरंल?”

“आजी, तोंड सांभाळून—”

“एक कडवं हाय. कुनी म्हनत नाय. माज्या धन्यानं काढाय लावलं, त्याच्यावर व्हतं म्हनून.” आणि ती बोलता बोलता म्हणू लागली. आवाज फाटका, पण सूर जागेवर.

धनी म्हणे चूल विझली घरात,
सासू म्हणे शिकून काय?
मी म्हणलं थांबा, काना राहिला,
काना दिल्याबिगर उठत नाय.

समिधांचा कारकून दारातून वाकून बघू लागला. त्यांनी त्याला हाताने घालवलं.

“कोर्टात एवढ्यावर कितपत टिकेल, मला सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याचं नाव गाण्यावर, त्याचं गाणं, असं कायदा धरून चालतो. दुसरं सिद्ध होईपर्यंत.”

सुमित बाहेर रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, “बाबा हे गानं कधी म्हनत नव्हते.”

“काय?”

“जयंतीला. लोक सांगायचे, सहदेव, पायरी घे. बाबा म्हनायचे, ते बाईचं गानं हाय, बाईला बोलवा. मला वाटायचं, बायकांनी म्हनायचं गानं, आसं.” तो वळला. “हिला बोलवायचे.”

समिधांनी त्याला शांतपणे समजावलं. त्याने स्टॅम्पपेपरवर सही करून दिली होती की कोंडीरामच्या नावाची सर्व गीतं त्याच्या घराण्याची आहेत. गंगाबाई हयात आहे, गाणं तिचं आहे, म्हणजे ते विकायचा सुमितला कधीच हक्क नव्हता. कंपनी आता त्यालाच धरू शकते, फसवलं म्हणून. सुमितचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला, परत आला, परत गेला. दर्शनाला ती हालचाल चांगली ओळखीची होती. तिला बरं वाटायला हवं होतं. तिने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

“मला कामावरून काढतील,” सुमित म्हणाला. “गुन्हा लागला तर बस देत नाय कुनी चालवायला.”

समिधांनी मार्ग सांगितला. सुमितने स्वतःहून कंपनीला लिहावं की हे गाणं चुकून यादीत आलं, ते मागे घेतो. गंगाबाईने लिहून द्यावं की गीत तिचं आहे आणि दर्शनाला गायची, प्रसारित करायची परवानगी आहे. पुढे ते तसंच झालं. ठाण्याहून दोन ओळी आल्या, प्रकरण बंद. मुख्यसेविका बाई म्हणाल्या, बरं झालं, माझ्यापर्यंत काही आलंच नाही असं धरून चालू. पण ते नंतर. त्या दिवशी ऑफिसात अजून एक गोष्ट व्हायची होती.

समिधांनी कोरा कागद घेतला. “आजी, तुम्ही केलेली अशी किती गाणी आहेत? कोंडीरामांचं नाव घातलेली? एकदाच सगळी लिहून घेऊ.”

गंगाबाईने सुमितकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

“आदी मला सांगा, गुरुजींची गानी आता कुनाची?”

“ते त्रेसष्टला गेले. त्यांची आता कुणाचीच नाहीत. कुणीही म्हणावीत. कुणी विकू शकत नाही, कुणाला नोटीस पाठवू शकत नाही.”

“आन माजी?”

“तुमची तुम्ही आहात तोवर तुमची. पुढे साठ वर्षं मुलांची, नातवंडांची.”

“म्हंजे माज्या नातवाकडं उद्या आसाच कुनी यील. सही घिऊन जाईल. मंग ह्या पोरीसारखी कुनी सापडंल.”

“तसं होऊ शकतं,” समिधा म्हणाल्या. “पण तुमचं नाव लागेल. तुमचा हक्क आहे.”

म्हातारीने मनात काही मोजलं असेल. ओठ हलत होते.

“ह्ये एक माझं,” ती म्हणाली. “बाकी सगळी त्यांची.”

“नक्की?”

“लिवा.”

दर्शना तोंड उघडणार होती. जयंतीला ती आणखी एक गाणं म्हणते, हातपंपाचं. डोक्यावरचा हंडा उतरला, मान मोकळी झाली, असं बाईच्या तोंडचं गाणं, शेवटी कोंडीरामचं नाव. वाडीत हातपंप बसला तेव्हा दर्शना बालवाडीत होती. कोंडीराम जाऊन तेव्हा पाव शतक झालं होतं. तिने समिधांकडे पाहिलं. समिधांनी पेन जरा वेळ कागदावर धरून ठेवलं, गंगाबाईकडे पाहिलं आणि मग लिहिलं : एक.

दर्शनाने तोंड मिटलं.

बाहेर पडल्यावर नरेश जीप बघायला पुढे गेला. कोर्टाच्या फाटकातली गाडी निघून गेली होती. गंगाबाई दर्शनाच्या हाताला धरून, रस्त्याच्या कडेने सावकाश चालत होती.

“तू काय बोलनार व्हतीस आत?”

“काही नाही, आजी.”

“बरं केलंस.” चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, “हातपंपाचं पन तू चांगलं म्हनतीस. दुसऱ्या कडव्याला घाई करतीस जरा.”

हे कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दर्शनाने पटकन मागे वळून पाहिलं. सुमित दहा-बारा पावलांवर होता, मोबाइल कानाला लावून. तो फोनवर बोलत होता की नुसता ऐकत होता, ते तिला कळेना.